कोहरासुराचा शेवट

शेवटच्या भागाच्या दिवशी लाईन गेली.
रविवार, संध्याकाळचे साडेपाच.
तांडापेठेतले सगळे माग एकदम थांबले
आणि पराते काकांच्या टीव्हीवर
मिरका तलवार उपसत होती, ती तशीच
काचेच्या मधोमध पांढरा ठिपका होऊन विझली.

"आता काय बे?" सुगत म्हणाला.
आता काहीच नाही.
रात्री नऊला लाईन आली तेव्हा बातम्या चालू होत्या.
तो भाग पुन्हा कधी लागला नाही.

कार्टून कुठल्या देशातलं होतं, ठाऊक नाही.
बोलायचं हिंदीत, ओठ मात्र वेगळंच काही बोलायचे.
सहा पायांचा बैल, त्यावर मांड ठोकून मिरका,
तिच्या खांद्यावर घुबड, ज्याला फक्त खोटं ऐकू यायचं,
आणि डोंगरापलीकडे कोहरासुर.
तो ज्या गावावर फुंकर घाली
ते गाव धुक्यात हरवायचं.

आता खरं सांगतो.
आम्ही कोहरासुराच्या बाजूचे होतो.
मे महिना, सत्तेचाळीस डिग्री,
छतावरच्या टाकीतलं पाणी थेट चहाला चालेल असं,
वाळ्याच्या ताट्यांना नाक लावून बसलेले आम्ही आठ पोट्टे.
आम्हाला धुक्यापासून कोण वाचवणार,
आणि काऊन?
कुंदा तर पडद्याला तोंड टेकवून म्हणायची,
"एकदा इकडं फुंक ना रे."

त्या वर्षी तान्ह्या पोळ्याला
मी माझ्या लाकडी बैलाला दोन पाय वाढवले,
मागाच्या तुटक्या धोट्याचे.
बक्षीस मिळालं नाही.
परीक्षक म्हणाले, छान आहे, पण बैलाला चारच पाय असतात.
घुबडाला हे वाक्य नक्की ऐकू गेलं असतं,
असं सुगतचं मत.

आणि त्याच दिवशी मारबतीच्या मागे
मोठ्या पोरांनी कोहरासुराचा बडग्या काढला.
बांबू, बारदाना, टाकाऊ सूत,
गळ्यात पाटी: लोडशेडिंग घेऊन जा गे मारबत.
लोक हसले, ढोल वाजले,
आम्ही मागून चाललो होतो
मयतीला चालावं तसे.

जाळला त्याला.
सूत ओलं होतं बहुतेक. धूर झाला पांढरा, जड,
वर जाईच ना, नाल्याच्या अंगानं
घराघरांवर उतरत गेला,
आणि दोन मिनिटं, फार तर तीन,
तांडापेठ दिसेनाशी झाली.
कुंदानं माझं मनगट घट्ट धरलं.
"आला," म्हणाली.

सुगत आता बुटीबोरीला रात्रपाळी करतो.
त्याच्या मते मिरकानं तलवार म्यान केली
आणि धुक्याचा एक तुकडा मागून घेतला.
कुंदा शपथेवर सांगते की तिनं तो भाग पाहिला,
कामठीला मावशीकडे, पुढच्या वर्षी.
शेवटी मिरका मरते म्हणे.
आम्ही तिला अजून विचारतो,
मग घुबडाचं काय झालं?
ती विषय बदलते.

मागच्या जानेवारीत, पहाटे, रिंग रोडवर
इतकं धुकं पडलं की स्कूटर बाजूला घेतली.
पाच मिनिटं उभा होतो, हेल्मेट काढून.
ऑफिसात सांगितलं, पंक्चर झाली होती.

परवा माळ्यावरून बैल काढला,
पोराच्या पहिल्या तान्ह्या पोळ्यासाठी.
रंग उडालाय, एक शिंग सैल आहे.
त्यानं तो उलटा धरला,
बोट लावून लावून पाय मोजले, पुन्हा मोजले.
मला वाटलं, आता विचारेल, सहा कसे,
आणि मी तयारच होतो, सगळी गोष्ट घेऊन,
मिरका, घुबड, ठिपका.

"बाबा," तो म्हणाला,
"याचे बाकीचे दोन कुठं गेले?"

आम्ही दोघं पलंगाखाली शोधतोय.